समेट कशाला हवा?

लेखात म्हटलंय की आई आणि वयात आलेल्या मुलीच्या कथेला शेवटी समेट लागतोच, नाहीतर वाचकाचं समाधान होत नाही. मला हे अजिबात पटलं नाही. सावानातून, म्हणजे आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, दरवर्षी दिवाळी अंक आणते, त्यात हेच, आई आजारी पडते, मुलीला रडू फुटतं, संपली कथा. माझी मुलगी अकरावीला आहे, कॉलेज रोडला क्लास, रात्री उशिरा पंचवटीत घरी येते, डबा ओट्यावर आपटते, उघडून बघावं तर पोळी-भाजी तशीच, पोळीच्या कडा वाळून कडक झालेल्या, आणि मी काही विचारायच्या आत खोलीचं दार बंद. सकाळी तीच "आई वेणी घाल ना" म्हणत पाठ करून बसते आणि डब्याचा विषय दोघीही काढत नाही. भांडण मिटलेलं नसतं हो, नुसतं बाजूला सरकवलेलं असतं. कथेला तर अशी एक रात्र न् सकाळ पुरते.

अजून एक, लेखात हे राहूनच गेलंय. बहुतेक कथा मुलगी मोठी झाल्यावर मागे वळून सांगते, म्हणजे आईला आधीच माफ करून टाकलेलं असतं. सोळाव्या वर्षी, राग ताजा असतानाच तिनं सांगितलेली कथा छापा ना कुणीतरी, मला आई म्हणून ती वाचायचीय.