चोच बदलली की टिकली? एका आक्षेपाला उत्तर

चिमटा, चमचा, ड्रॉपर आणि पक्कड या साधनांना ‘चोची’ मानून सातवीच्या मुलांकडून दाणे उचलून घेण्याच्या माझ्या खेळावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे असे की, ‘खाद्य मिळवण्यासाठी पक्ष्यांनी चोची बदलल्या’ हे माझे वाक्य चुकीचे आहे, मुलांना हवे ते साधन निवडू दिल्याने तीच चूक त्यांच्या मनात पक्की होते, आणि म्हणून खेळाऐवजी चोच व खाद्य यांच्या जोड्यांचा तक्ता द्यावा.

वाक्याबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि ते मी आजच दुरुस्त केले आहे. गरज पडली म्हणून कोणताही पक्षी आपली चोच जाड करू शकत नाही. जन्मतःच थोड्याफार वेगळ्या असलेल्या चोचींपैकी ज्या त्या वेळी उपयोगी पडतात, त्या चोचींचे पक्षी अधिक संख्येने जगतात आणि त्यांच्या पिल्लांच्या चोची बहुधा त्यांच्यासारख्या निघतात.

खेळ मात्र सोडावासा वाटत नाही, आणि त्याचे कारण पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर हे छोटे बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून तिथल्या फिंच या चिमणीसारख्या छोट्या पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात मऊ, बारीक बिया संपल्या आणि उरल्या त्या मुख्यतः मोठ्या, कठीण बिया. त्यांत आपल्या सराट्याच्याच कुळातील एका वनस्पतीची काटेरी फळे होती. मध्यम आकाराच्या भू-फिंचपैकी (जमिनीवर दाणे टिपणाऱ्या फिंचपैकी) बहुसंख्य पक्षी मेले, आणि जे वाचले त्यांच्या चोचींची सरासरी जाडी आधीपेक्षा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरली. पुढे १९८२-८३ मध्ये धो धो पाऊस झाला, बारीक बियांचे पीक आले आणि लहान चोचींची सरशी झाली.

सराटा आपल्या मुलांच्या ओळखीचा, पायात रुतणारा. मी वर्गात वाळलेले सराटे नेले होते. त्याचे पाच तुकडे सहज सुटतात, पण प्रत्येक तुकडा लाकडासारखा टणक असतो. चिमटा त्यावरून घसरत राहिला आणि पक्कड दोन्ही हातांनी दाबली तेव्हा कुठे आतले बी दिसले. हा अनुभव तक्त्यातून मिळणार नाही.

आपल्या सूचनेनुसार नियम मात्र बदलत आहे. साधन चिठ्ठी टाकून मिळेल आणि बदलता येणार नाही; प्रत्येक फेरीत ज्यांना कमी दाणे मिळतील ते बाद होतील, आणि टिकलेल्यांच्या साधनांसारखीच साधने नव्या ‘पिल्लां’ना मिळतील. आधी बाजरी, मग फक्त सराटे, मग पुन्हा बाजरी.

तक्त्याबद्दल माझी खरी अडचण चिमणीची आहे. तिची चोच दाणे फोडण्याजोगी, आखूड आणि जाड. पण पिल्लांना ती अळ्या आणि किडे भरवते, आणि शाळेच्या वळचणीतल्या घरट्यात मुलांनी हे स्वतः पाहिले आहे. तिला मी कोणत्या रकान्यात बसवू?