कोविडचा ताप आला म्हणून लगेच डेक्सामेथासोन घेऊ नका

‘कोविड पॉझिटिव्ह आलात की पहिल्याच दिवशी डेक्सामेथासोन सुरू करा, न्यूमोनिया टळतो’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आणि धोक्याचाही आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे, म्हणजे दाह आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध.

औषध खरं आहे, वेळ चुकीची. ब्रिटनमधल्या २०२० च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रुग्णालयात दाखल रुग्णांना ते रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही, उलट अपायाची शक्यता दिसली. सुरुवातीला विषाणू वाढत असतो, तेव्हा प्रतिकारशक्ती दाबून चालत नाही. फुफ्फुसांचा दाह नंतर भडकतो, हे औषध त्यावर आहे.

शिवाय या औषधाने रक्तातली साखर वाढते. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस (‘काळी बुरशी’ म्हणून ओळखला गेलेला बुरशीचा आजार) वाढला, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणं होती.

घरी तापाला पॅरासिटामॉल, आणि रक्तातला ऑक्सिजन बघायला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. नेलपॉलिश काढा, बोट गार नको, आकडा स्थिरावू द्या. तो ९४ टक्क्यांच्या खाली गेला किंवा धाप लागली तर रुग्णालय गाठा. दुसऱ्या आजारासाठी स्टेरॉइड आधीपासून चालू असेल तर मनाने बंद करू नका.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हे कळवा.