साताराला जाणारी गाडी

बसची तिकिटं विकणाऱ्या एका वेबसाइटचं मराठीकरण माझ्याकडे आलं. वाटलं, वाक्यं येतील, ती मराठीत करून द्यायची आणि बिल लावायचं. आली ती एक्सेल शीट, आणि तिच्यात वाक्यांचे नुसते तुकडे. मधेमधे महिरपी कंस. कंसात गावाचं नाव संगणक भरणार, आपण मागे 'हून' नि 'ला' जोडायचं.

जोडलं. पडद्यावर उमटलं : 'पुणेहून साताराला जाणारी गाडी'.

नाशिक, कराड ही गुणी गावं. मागे 'हून' चिकटवा नाहीतर 'ला', ढिम्म हलत नाहीत. पुणे, ठाणे, सातारा मात्र नवऱ्यामुलाच्या मामासारखे. प्रत्यय नुसता जवळ आला तरी रूप पालटतात. हे मी प्रोग्रामर मुलाला समजावलं.

"चालतंय हो सर," तो म्हणाला. "मी साताऱ्याचाच आहे. आमच्या साताऱ्यात एवढं कोण बघत नाही."

एका दमात दोनदा सामान्यरूप, तेही बिनचूक! पण ते संगणकात घालायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

वचनांवर त्याची फार तयारी होती. जपानीला एकच रूप पुरतं, अरबीला सहा लागतात, मराठीचं दोनांत भागतं : १ तिकीट, २ तिकिटं. "मराठी सोपी आहे की!" म्हणेपर्यंत लिंग आलं. प्रवासी गाडीत 'बसला' की 'बसली', हे साइटला कळायला मार्ग नाही, कारण फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. शिवाय 'आजोबा बसला' असं लिहून घरी कुठल्या तोंडानं जायचं? मी पळवाट काढली : 'ने तिकीट काढले'. क्रियापद तिकिटाच्या मागे जातं, माणूस कुणी का असेना. चाचणीत पहिलंच नाव आलं, 'आजोबाने तिकीट काढले'.

शेवटी सगळे प्रत्यय उपटले आणि अपूर्णविरामाला शरण गेलो. 'प्रवासी : आजोबा. कोठून : पुणे. कोठे : सातारा. स्थिती : बसलेले.' नाही, शेवटचं खोडलं. आजी निघाल्या तर पुन्हा पंचाईत. व्याकरणात आता कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. साइट तेवढी तलाठी कार्यालयासारखी बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी वरच्या मॅडमची मेल : 'छान झालंय, पण भाषेत थोडा ओलावा हवा. घरचं माणूस बोलतंय असं वाटलं पाहिजे.'

मी लगेच उत्तर धाडलं. 'सूचना : प्राप्त. ओलावा : प्रलंबित.'