जनरल पिकेटची ती प्रेमपत्रे पिकेटची नाहीत

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. गेटिसबर्गला ३ जुलै १८६३ रोजी, हल्ल्याचा हुकूम येण्याच्या क्षणी, दक्षिणेच्या जनरल जॉर्ज पिकेटने व्हर्जिनियातल्या आपल्या वाग्दत्त वधूला निरोपाचे पत्र लिहिले. ती अवघी पंधरा वर्षांची. ती लहान असल्यापासून तो तिच्यासाठी थांबलेला. तिने पत्रे जपली, म्हणून त्या दिवशी त्याच्या मनात काय चालले होते ते आज आपल्याला कळते. मजकूर सुरेख आहे, पण त्यातला जवळजवळ एकही धागा टिकत नाही.

वयाचा प्रश्न चटकन सुटतो. सॅली कॉर्बेल, म्हणजेच पुढची लासाल पिकेट, १८४३ साली जन्मली. पीटर्सबर्गच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये १५ सप्टेंबर १८६३ रोजी लग्न झाले तेव्हा ती वीस वर्षांची होती, नवरा अडतीसचा. स्वतःचे जन्मसाल १८४८ असे ती नंतर सांगू लागली, आणि ‘बालवधू’ तिथून आली.

तो तिच्यासाठी थांबला, हेही खरे नाही. पहिली बायको १८५१ मध्ये गेल्यावर वायव्येकडच्या वॉशिंग्टन प्रांतात नेमणुकीवर असताना त्याने हायडा जमातीच्या एका स्त्रीशी संसार मांडला. त्यांचा मुलगा जेम्स १८५७ मध्ये जन्मला, पुढे चित्रकार झाला. प्रेमकथा सांगणारे त्या मायलेकांना सरळ वगळतात, आणि हे मला फार खटकते.

आता मुख्य मुद्दा, पत्रांचा. पिकेट १८७५ मध्ये वारला. पत्रांचे पुस्तक विधवेने छापले १९१३ मध्ये, म्हणजे गेटिसबर्गनंतर बरोबर पन्नास वर्षांनी. दरम्यान १८७० साली पिकेटच्याच हाताखाली काम केलेल्या वॉल्टर हॅरिसन या अधिकाऱ्याचे त्याच्या डिव्हिजनवरचे पुस्तक आले होते. इतिहासकार गॅरी गॅलगर यांनी १९८६ मध्ये दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दाखवून दिले की पत्रांतली लढाईची वर्णने हॅरिसनच्या पुस्तकातून उचललेली आहेत. रणांगणावर लिहिलेल्या कागदावर सात वर्षांनी छापलेल्या पुस्तकातला मजकूर कसा येईल? शिवाय, लिहिणाऱ्याला तेव्हा कळणे शक्यच नव्हते असे तपशीलही पत्रांत आहेत.

यावर उत्तर येते की काही ओळी तरी खऱ्या असतील. असतील. काही मजकुरामागे मूळ पत्रे असू शकतात. पण छापलेल्या पानांत कोणते वाक्य त्याचे आणि कोणते तिचे, हे वेगळे करता येत नाही. मग त्यावरून त्या दुपारी पिकेटला काय वाटले हे कसे सांगायचे? त्याने लढाईचा अधिकृत अहवाल लिहिला होता, पण तो नष्ट करावा असे सांगून त्याचा सेनापती रॉबर्ट ली याने परत केला. ती जागा रिकामी राहिली आणि विधवेची पत्रे तिथे अलगद बसली.

लासालच्या शब्दावर किती विसंबावे याला दुसरा दाखलाही आहे. पिकेटला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रवेश लिंकनने मिळवून दिला, असे ती सांगे. प्रत्यक्षात ती नेमणूक इलिनॉयचे काँग्रेस सदस्य जॉन स्टुअर्ट यांच्यामार्फत झाली होती.

तरीही तिला निव्वळ लबाड ठरवणे मला मान्य नाही. युद्धानंतर पिकेट विमा विकत होता. मागे उरलेल्या बायकोने राजधानी वॉशिंग्टनच्या पेन्शन कचेरीत कारकुनी केली, लिहून आणि व्याख्याने देऊन पोट भरले. नवऱ्याच्या नावाला गेटिसबर्गचा पराभव चिकटला होता. शिवाय १८६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टनला त्याच्या हुकमाने बावीस युद्धकैद्यांना दक्षिणेच्या सैन्यातले पळपुटे ठरवून फाशी दिले गेले होते, आणि त्याची चौकशी सुरू होताच तो कॅनडाला पळाला होता. अशा माणसाला तिने हळवा, निष्पाप प्रेमवीर केले. गुलामांच्या मळ्यांवरचे जीवनही तिने गोड रंगवले, आणि तिथे तिला माफ करता येत नाही. पण नवऱ्याच्या आवाजात लिहून एका विधवेने त्याची प्रतिमा घडवली, ती शतकभर लोकांनी खरी मानली, ही तिच्या लेखणीची ताकद आहे.

तेव्हा ते पत्र पुढे पाठवायचेच असेल तर खाली नाव लासाल पिकेटचे घाला, आणि साल १९१३.