पाव घरी होतो: एका फिरत्या संदेशाला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पावाविषयीचा एक संदेश वरचेवर फिरतो. त्याचा आशय असा की घरी पाव करण्याच्या फंदात कोणी पडू नये: यीस्ट हे रसायन आहे, आपल्याकडच्या गव्हाचा पाव फुगत नाही, बेकरीवाले ‘इम्प्रूव्हर’ (पाव मऊ करणारी पूरक द्रव्ये) घालतात म्हणूनच त्यांचा पाव हलका होतो, ओव्हन आणि कणीक मळायचे यंत्र नसेल तर नुसता दगड हाती येतो, आणि एवढा खटाटोप करूनही तो दुसऱ्या दिवशी खाण्याजोगा राहत नाही. या प्रत्येक विधानात तोंडी लावण्यापुरते तथ्य आहे आणि म्हणूनच ती सगळी पटकन पटतात.

यीस्ट हे रसायन नव्हे. तो बुरशीवर्गातला एकपेशीय जीव आहे. पिठातल्या साखरेवर तो जगतो आणि त्या व्यवहारात कार्बन डायऑक्साइड वायू व थोडे अल्कोहोल तयार होते. वायू कणकेत अडकून ती फुगते, अल्कोहोल भाजताना बहुतांशी उडून जाते. आंबणे हे सजीवांचे काम आहे हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. रसायनच शोधायचे असेल तर ते खायच्या सोड्यात सापडेल, आणि तो भज्यांच्या पिठात घालताना हा संदेश कोणालाच आठवत नाही. यीस्ट जिवंत असते म्हणून आपल्याकडची काही जैन कुटुंबे ते वर्ज्य मानतात. तो आचाराचा प्रश्न आहे आणि त्यावर येथे वाद नाही. मात्र जिवंत असण्याचा एक व्यावहारिक परिणाम नवख्याने लक्षात ठेवावा: साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला यीस्ट मरते. बोटाला जेमतेम कोमट लागेल एवढेच पाणी घ्यावे. घरच्या पावाचा दगड होतो तो बऱ्याचदा कढत पाण्यामुळे.

गव्हाविषयीचे विधान सविस्तर पाहावे लागते, कारण ते अर्धे खरे आहे. गव्हातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या दोन प्रथिनांना पाणी मिळाले की त्यांचे ग्लुटेन बनते, आणि हे ग्लुटेनच वायू धरून ठेवते. सगळ्या गव्हांचे ग्लुटेन मात्र सारखे नसते. आपल्या भागात पूर्वापार पिकणारा खपली गहू खिरीला आणि पोळीला उत्तम, धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही दिले आहेत. पण त्याचे ग्लुटेन दुबळे असते, त्यामुळे नुसत्या खपलीचा पाव चपटा आणि भुसभुशीत होतो. खपली दळून आणून पाव करू पाहणाऱ्याची निराशा होणारच, आणि त्या एका अनुभवावरून ‘आपला गहू’ बदनाम होतो. परंतु रोजच्या चपातीसाठी आपण घेतो तो लोकवन हा पावाच्याच गव्हाच्या जातीतला आहे. गुजरातमधल्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेत हा वाण तयार झाला आणि तिथून तो देशभर पसरला. ज्या बेळगावात मांड्याचा गोळा हातांवर घेऊन फाटू न देता कापडासारखा पातळ होईपर्यंत ताणतात आणि उपड्या घातलेल्या तापल्या मडक्यावर टाकतात, तिथे ग्लुटेन ताणले जाते म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

मग गिरणीच्या कणकेचा पाव मैद्याच्या पावापेक्षा बसका का होतो? याचे कारण कोंड्यात आहे. कोंड्याचे कण ग्लुटेनचे जाळे तोडतात आणि पाणीही शोषून घेतात. शिवाय जात्याच्या दगडांखाली पिठातला स्टार्च जास्त चेचला जातो, त्यामुळे अशा पिठाला मैद्यापेक्षा पाणी अधिक लागते. चपातीच्या सवयीने आपण कणीक घट्ट भिजवतो आणि तिथेच पाव फसतो. नवख्याने निम्मा मैदा आणि निम्मी बारीक चाळलेली लोकवनची कणीक घ्यावी. एकूण ३०० ग्रॅम पिठाला सुमारे २१० ते २२० मिलिलिटर पाणी, ६ ग्रॅम मीठ आणि ३ ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा, इन्स्टंट यीस्ट पुरते. गोळा हाताला चिकटेल. चिकटतो म्हणून वरून पीठ भुरभुरत राहण्याचा मोह आवरावा आणि अर्धा तास तो नुसता झाकून ठेवावा. पाणी मुरले की तोच गोळा आपोआप आवरण्याजोगा होतो.

मळण्याच्या यंत्राचा आग्रह तर पुरता निराधार आहे. न मळता करायच्या पावाची न्यूयॉर्कच्या जिम लेही यांची कृती २००६ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर गाजली: चिमूटभर यीस्ट, सैल गोळा आणि बारा ते अठरा तासांची सवड. भिजलेल्या पिठात ग्लुटेनचे जाळे वेळ दिला की स्वतःहूनच बांधले जाते. यंत्र लागते ते घाई असणाऱ्याला.

‘इम्प्रूव्हर’चा मुद्दाही इथेच सुटतो. इंग्लंडमधल्या चोर्लीवूड येथे १९६१ साली विकसित झालेल्या पद्धतीत वेगवान यंत्रे आणि काही पूरक द्रव्ये वापरून पाव काही तासांत तयार होऊ लागला, आणि कारखान्यांतल्या पावाने पुढे तोच रस्ता धरला. ही द्रव्ये वेग, एकसारखेपणा आणि मऊपणा यांसाठी असतात, फुगण्यासाठी ती अनिवार्य नाहीत. त्यांपैकी पोटॅशियम ब्रोमेट हे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या तपासणीनंतर २०१६ साली भारतात बंदच झाले, तरी बेकऱ्यांचे पाव फुगायचे थांबले नाहीत. चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यात पोदेर लोक पिढ्यान्‌पिढ्या माडाच्या सुरेने पीठ आंबवून पाव करत आले, तेव्हा या पुड्या अस्तित्वातही नव्हत्या.

ओव्हन असल्यास काम सोपे होते, हे मान्य. २२० अंशांवर सुमारे पस्तीस मिनिटांत वर सांगितलेल्या मापाचा पाव भाजून होतो. नसल्यास जाड बुडाचे बिडाचे भांडे, आत तिवई, तिच्यावर पावाचा डबा आणि वर घट्ट झाकण एवढ्यावर भागते. आच मात्र खालूनच लागत असल्याने वरचा भाग फिका राहतो, म्हणून पाऊण तासाने पाव डब्यातून काढून तव्यावर उलटा शेकावा. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तो कोरडा तापवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. पातळ ॲल्युमिनियमचे भांडे त्यात खराब होऊ शकते, तेव्हा बीडच बरे. पाव झाला की नाही हे ओळखायला तो उलटा करून बुडावर बोटाने टिचकी मारावी: पोकळ आवाज आला तर झाला, बद्द आला तर आणखी दहा मिनिटे. आणि गरम असताना तो कापू नये, आतली जाळी अजून बसायची असते. तासभर दम न धरता सुरी घातली की चिकट गर दिसतो आणि ‘कच्चा राहिला’ असा गैरसमज होतो.

संदेशात हवामानाचा उल्लेखच नाही, वास्तविक फरक तिथे पडतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरांवर आहे आणि डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत इडलीच्या पिठासारखीच पावाची कणीकही रेंगाळते. एप्रिलमध्ये तासाभरात दुप्पट होणाऱ्या गोळ्याला तेव्हा तीन तासही लागू शकतात. घड्याळाऐवजी गोळा पाहावा: बोट दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर तो भाजायला तयार आहे.

राहिला टिकण्याचा प्रश्न. घरच्या पावात बुरशीरोधक नसतो, त्यामुळे तो बाजारच्या पावाइतका टिकणार नाही, हे खरेच आहे. पण दुसऱ्या दिवशी तो कडक होतो याचा अर्थ तो खराब झाला असा नाही. पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो एवढेच, आणि तव्यावर शेकला की तो परत मऊ पडतो. फ्रिजच्या थंडाव्यात हे घट्ट होणे उलट वेगाने घडते, म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. खानापूर-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या पावावर बुरशी लवकर धरते. तेव्हा पूर्ण गार झाल्यावर काप करून ते फ्रीझरमध्ये टाकावेत आणि लागतील तसे थेट तव्यावर घ्यावेत.