गारवा फुकट मिळत नाही

मोठ्या इमारतींच्या ऊर्जाबचतीचा विषय निघाला की एक दावा हमखास फिरू लागतो: इमारतीतच गॅस इंजिन बसवा, वीज तिथेच तयार करा. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा फुकट मिळेल. कार्यक्षमता ८५ टक्के, आणि ग्रीड बंद पडली तरी इमारत चालूच. ट्रायजनरेशन, म्हणजे एकाच इंधनातून वीज, ऊब आणि गारवा काढण्याचं हे तंत्र मला मनापासून आवडतं, म्हणूनच त्याच्या नावावर खपवलेल्या या गोष्टी खटकतात.

आधी ते ८५ टक्के. ही वीज आणि उष्णता यांची बेरीज आहे. १०० एकक गॅस जाळला तर साधारण ३८ एकक वीज आणि ४५ एकक वापरता येईल अशी उष्णता मिळते, म्हणजे ८५ च्या आसपास. ती उष्णता त्याच वेळी कुणी वापरली, तरच बेरीज खरी.

आता गारवा. इंजिनाच्या ९० अंशांच्या जॅकेट वॉटरवर, म्हणजे इंजिन गार ठेवताना तापलेल्या पाण्यावर, लिथियम ब्रोमाइडचा सिंगल इफेक्ट अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर चालतो. विजेऐवजी उष्णतेवर पाणी गार करणारं हे यंत्र १ एकक उष्णतेतून जेमतेम ०.७ एकक गारवा देतं. म्हणजे ४५ मधून सुमारे ३१. तेवढाच गारवा चांगला विजेवरचा चिलर ६ एकक विजेत देतो! म्हणजे १०० एकक गॅसचा मोबदला झाला ३८ अधिक ६, एकूण ४४ एकक विजेइतका. आधुनिक कम्बाइंड सायकल वीजकेंद्र (गॅस टर्बाइनच्या उरलेल्या उष्णतेवर वाफेची टर्बाइनही चालवणारं) तेवढ्याच गॅसमधून ५५ ते ६० एकक वीज काढतं. वहनातली गळती वजा केली तरी तेच पुढे. जुन्या, कमी कार्यक्षमतेच्या केंद्राशी तुलना केली तर मात्र पारडं फिरतं. शिवाय अ‍ॅब्सॉर्प्शन चिलरला कूलिंग टॉवरवर विजेवरच्या चिलरच्या जवळपास दुप्पट उष्णता टाकावी लागते, म्हणजे पाणीही जास्त. आतला व्हॅक्यूम जरा ढासळला की गारवा घटतो. लिथियम ब्रोमाइडचं द्रावण फार गार किंवा फार घट्ट झालं तर त्याचे स्फटिक होऊन यंत्र अडकतं. याला फुकट म्हणता येत नाही.

उष्णता थेट वापरली तर चित्र वेगळं. तेच ४५ एकक बॉयलरमधून घ्यायचे तर सुमारे ५० एकक गॅस लागतो. तो पूर्ण वाचतो. म्हणूनच रुग्णालय, लाँड्री असलेलं हॉटेल, तरणतलाव अशा बारमाही गरम पाणी लागणाऱ्या जागी हे तंत्र शोभतं.

ग्रीड गेल्यावर आपोआप चालू? इंडक्शन जनरेटरला उत्तेजनासाठी, म्हणजे आतलं चुंबकत्व तयार व्हायला, सहसा ग्रीडच लागते. जनरेटर सिंक्रोनस, म्हणजे स्वतःचं चुंबकत्व स्वतः सांभाळणारा असला तरी ग्रीडपासून वेगळं होण्याची आणि बाहेरची वीज नसताना सुरू होण्याची सोय मुळापासून करावी लागते. २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूयॉर्कच्या को-ऑप सिटी या वसाहतीत दिवे राहिले, कारण तिथला प्रकल्प ग्रीडपासून वेगळा होऊन चालू शकत होता.

आणि कधी अशी इमारत पाहायला गेलात तर छतावर जा. उष्णता हवेत सोडणाऱ्या रेडिएटरचे पंखे जोरात फिरत असतील, तर त्या घटकेला तिथे नुसता गॅसवरचा जनरेटर चालू आहे.