तिसरा शब्द

मागच्या दिवाळीत बायकोनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं की येताना उटणं आणा, आणि मी अर्धा किलो फुटाणे घेऊन आलो. झालं! त्या दिवसापासून माझा मेंदू हा आमच्या घरात चर्चेचा विषय झाला. पहिल्या अंघोळीला पाटावर बसलो तर ही म्हणे, "चोळा आता फुटाणे अंगाला."

लगेच पुण्याला फोन. पोराचं मत पडलं की अण्णाला रिकामं बसवू नका, मेंदू गंजायलाय. आता ४० वर्षं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीवर मुनीम म्हणून घासलेला माणूस मी, पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सगळं तोंडपाठ, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तो तर आजही मला झोपेतून उठवून विचारा, सतरा साडेतीन साडेएकोणसाठ. पण ऐकतो कोण. पोरानं मोबाईलमध्ये मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप टाकून दिलं, त्यात रंगीत चौकोन चमकतात आणि ते कुठं चमकले ते आपण सांगायचं. मी म्हणलं, बाबा रे, अमेरिकेत असल्याच एका कंपनीनं, आमच्या गेमनं म्हातारपणचा विसरभोळेपणा थांबतो अशी जाहिरात केली म्हणून २०१६ साली तिला २० लाख डॉलर भरावे लागले. हे मी पेपरात वाचलं होतं. तर पोरगं म्हणे, "बघा, एवढं लक्षात राहतंय आणि उटणं राहत नाही."

मग व्हॉट्सअ‍ॅपवरचे उपाय सुरू झाले. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून रोज दोन अक्रोड. (काजू किडनीसारखा दिसतो, पण तो कोणी देईना.) डाव्या हातानं दात घासा म्हणे, मेंदूला नवीन वाटा फुटतात, माझी हिरडी फुटली.

आणि सुडोकू! ह्याचा मी मुद्दाम शोध घेतला की ही पीडा आणली कोणी, तर १९७९ साली अमेरिकेतल्या ७४ वर्षांच्या एका रिटायर्ड आर्किटेक्टनं हे कोडं काढलं, जपान्यांनी त्याला नाव दिलं, आणि हाँगकाँगमधल्या एका रिटायर्ड जजनं सहा वर्षं खपून ते बनवायचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला, २००४ ला ते लंडनच्या पेपरात दिलं, तिथून जगभर. म्हणजे रिटायर्ड लोकांनी रिटायर्ड लोकांचा केलेला छळ आहे हा. शिवाय त्यात बेरीज नाही, वजाबाकी नाही, आकडे नुसते जागेवर बसवायचे. असला हिशोब आमच्या शेठनं पाहिला असता तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं.

तरी सुधारणा दिसेना म्हणून शेवटी डॉक्टर. बायको सोबत, नव्हे, पुढेच. डॉक्टरांनी आधी रक्तातलं बी-१२ आणि थायरॉईड तपासायला लिहून दिलं, त्यानंही विसरायला होतं म्हणे, आणि मग तोंडी परीक्षा सुरू केली, ३० मार्कांची. ही परीक्षा १९७५ पासून चालत आलीय. आज कोणता वार? आता आडत सोडलेल्या माणसाला वार कशाला लागतो, मी म्हणलं मोंढ्याला सुट्टी आहे म्हणजे रविवार, तर दवाखाना उघडा कसा, म्हणजे रविवार नाही. डॉक्टरांनी निमूट काहीतरी लिहिलं.

मग म्हणे तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा, नंतर विचारीन. पेरू, खुर्ची आणि... वर पंखा खडखड करत होता. मी मान हलवली. मान हलवणं ही माझी जुनी सवय, समोरचा खूश होतो.

पुढचा प्रश्न शंभरातून सात वजा करत चला. हा माझा प्रांत! त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, डॉक्टर म्हणे बस बस, पाच वेळाच लागतं, पण गाडी थांबते का, अठ्ठावन्न, एक्कावन्न करत दोनवर जाऊन थांबलो आणि म्हणलं, शिल्लक दोन, पुढं उधारीत जायचं का?

"आता ते तीन शब्द सांगा."

पेरू. खुर्ची. तिसऱ्याला मी बायकोकडं बघितलं, तर ती गालात हसायली. तिला येत होता!

पण डॉक्टर हुशार माणूस. उठले, माझ्या पाठीमागं जाऊन हळूच काहीतरी बोलले, मी ढिम्म. मग म्हणाले, "काका, विसरायच्या आधी ऐकू तर यायला पाहिजे." वयानं कान जातात तेव्हा बारीक, म्हणजे उंच पट्टीतले आवाज आधी जातात, स, फ, त, क असली व्यंजनं गळतात आणि स्वर तेवढे कानावर येतात. उटणं, फुटाणे. मी बायकोकडं असं बघितलं म्हणता, निर्दोष सुटलेला आरोपी बघतो तसा. पण डॉक्टर पुढं म्हणाले की खूश होऊ नका, स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण आपल्याला काही करता येईल अशी १४ कारणं लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात दिलीत, त्यात बहिरेपण आहेच, कारण ऐकू येईना की माणूस चारचौघांत बसणंच सोडतो. मी गप झालो. कृषी विद्यापीठात सकाळी फिरायला जायचो, तिथला कट्टा मी सोडला होता. एकदा सगळे काहीतरी बोलले आणि मी खदखदून हसलो, तर एकाची म्हैस मेलेली निघाली.

त्याच म्हशीच्या किमतीचं मशीन आता कानात आहे. पंखा किरकिरतो, चपला चपचप करतात, आणि बायको इतकी वर्षं मनातल्या मनात बोलते असं मी समजत होतो, ते मोठ्यानं होतं.

कट्ट्यावर परत जायलोय. फक्त तो तिसरा शब्द काही सुटेना. डॉक्टर सांगत नाहीत, पुढच्या तपासणीला तेच शब्द विचारायचेत म्हणे. बायको म्हणे, "आठवा की, मेंदूला व्यायाम व्हायलाय." परवा रात्री मशीन काढून डबीत ठेवलं, लाइट बंद करायला हात वर केला आणि सहज परत विचारलं. ही चक्क माझ्याकडं वळली, गोड हसली आणि सांगून टाकला. मग कूस बदलून झोपली.

ओठ दोनदा हलले. दोन अक्षरी असावा.